बिलात न बसणारे पाव

रात्री फ्रीझरचा प्लग कुणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी सहाला शटर उघडलं तर काट्यावर उणे अठराच्या जागी अधिक नऊ. वडे इतके मऊ की बोट लावलं तर खड्डा पडावा. तरी हिय्या करून एक घाणा सोडला. तेलात नुसता बटाटा पसरला.

स्टेशनबाहेरच्या एका वडापाव चेनमध्ये मी सुपरवायझर होतो. नाव नको. ट्रेनिंगला इतिहास घोकून घेतलेला: १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांची गाडी, २००१ मध्ये मालाड स्टेशनजवळ जंबोकिंग, २००४ मध्ये कल्याणला गोली. आम्ही त्यांच्या मागून आलेले. गाडीवर वडा हाताच्या अंदाजानं होतो, आमच्याकडे तो कारखान्यातून गोठून येतो आणि टायमर वाजला की काढायचा. म्हणून तर एकाची दहा दुकानं झाली. पण आमच्या पाच जणांत सारण करता येणारा एकही नव्हता, मीसुद्धा नाही.

एरिया मॅनेजर फोनवर म्हणाले, "फेकून दे. माल बाराशिवाय येत नाही."

साडेसातच्या गर्दीत आमचं गिऱ्हाईक समोरच्या काकांच्या गाडीवर वळलं. एरवी ते आमच्या मालाला 'बर्फाचा वडा' म्हणायचे. साडेआठला स्वतःच रस्ता ओलांडून आले.

"पाव संपले रे. तुझ्याकडे आहेत का?"

होते. वीस लाद्या, सकाळीच आलेल्या, ताज्या. पण बिलिंग मशीनवर नुसत्या पावाचं बटणच नाही. वडा नाही तर पाव नाही. दोन मिनिटं मी त्या स्क्रीनकडे बघत उभा राहिलो, मग ट्रे उचलून त्यांच्या हातात दिला.

आमचा पाव खास मोठा बनवून घेतलेला. काकांचा वडा त्यात हरवूनच गेला. लाल चटणी दोन्ही बाजूंनी उघडी पडलेली. नेहमीचे लोक कुरकुरले, "काका, वडा लहान केला काय?" काका झारा आपटून म्हणाले, "वडा तोच आहे! पाव कंपनीचा आहे!"

दहा वाजता त्यांनी पोराबरोबर पैसे पाठवले, मोजून, वर दोन वडे कागदात. वडे आम्ही पाचांनी वाटून खाल्ले. पैसे कुठल्या खात्यात दाखवायचे ते सुचेना, म्हणून ते गल्ल्याखालच्या डब्यात टाकले आणि वेस्टेजच्या वहीत लिहिलं: पाव, २० लाद्या, शिळे.

ऑडिटला आलेल्या माणसानं एवढंच विचारलं, सकाळी आलेला पाव दहा वाजता शिळा कसा झाला?