फळ्याकडे पाठ करायला मला सात वर्षं लागली

रिटायर होऊन दोनेक वर्षं झाली, आता सकाळी चहा घेताना कुठला तास आहे हे आठवावं लागत नाही. ३४ वर्षं इकॉनॉमिक्स शिकवलं, सगळं खानदेशातच. पहिली काही वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाचे पैसे मोजून, आणि तेही हातात कधी पडतील याचा भरवसा नाही. लागलो तेव्हा १९८९ साल होतं, आम्ही पुणे विद्यापीठाखाली, एखाद्या पोराच्या मार्कशीटमध्ये घोळ झाला की पुण्याच्या चकरा. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला आपलं विद्यापीठ झालं तेव्हा कुठे सुटलो. २०१८ ला त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं. शाळेची पायरी न चढलेल्या शेतकरी बाईचं नाव विद्यापीठाला, मला तर हे लई भारी वाटतं.

तर पहिली सहा-सात वर्षं मी फळ्यालाच शिकवलं. नोट्स कडक, आकृत्या पट्टीने काढल्यासारख्या, पोरं खाली माना घालून उतरवून घेतायत. शेवटी विचारायचो, काही डाउट? कुणी तोंड उघडायचं नाही, आणि मी खुश, की समजलं बुवा सगळ्यांना.

मग एका वर्षी कॉबवेब आला. कॉबवेब म्हणजे कोळ्याचं जाळं, काल्डॉर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ ला हे नाव दिलं. शेतकरी यंदाचा भाव बघून पुढचं पीक ठरवतो, भाव चढा असला की सगळेच तेच लावतात, माल येतो तेव्हा मार्केटला ढीग, भाव आपटतो, मग सगळे ते पीक सोडतात, माल कमी पडतो, पुन्हा भाव चढतो. ग्राफवर ही रेघ गोल गोल फिरते म्हणून जाळं. पुस्तकात उदाहरण कसलं, तर परदेशातल्या डुकरांचं. आणि मी पारोळा-अमळनेरकडच्या कापूसवाल्या पोरांना तेच डुकरांचं सांगतोय!

मागच्या बाकावरून एक जण पुटपुटला, "मना बाप दरसाल हाईच करस." वर्ग फिदीफिदी हसला. मी आधी चिडलोच, कारण वर्गात अहिराणी म्हणजे अडाणीपणा हे माझ्याही डोक्यात बसलेलं, घरी मी स्वतः अहिराणीच बोलतो तरी. पण काय वाटलं कोण जाणे, म्हटलं ये इकडे, सांग सगळ्यांना.

पंधरा मिनिटं बोलला गडी. भाव बघून बाप ठरवतो हे अर्धंच खरं म्हणे, अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, बियाणं उधार घ्यायला गेलो की दुकानदार जे देईल ते लावायचं, आणि त्याची उधारी फेडायची म्हणून कापूस घरात ठेवायचा नाही, पडेल त्या भावात काढायचा. म्हणजे नुसता भाव नाही, उधारीसुद्धा पीक ठरवते. माझ्या नोट्समध्ये हे कुठेच नव्हतं. त्या दिवशी मी खडू खाली ठेवला आणि बाकावर जाऊन बसलो.

पुढे सरळ सांगायला लागलो, वर्गात अहिराणीत बोललं तरी चालेल. नंतर नंदुरबारकडे गेलो, तिथे धडगाव-अक्कलकुव्याची पावरा, भिल्ल पोरं, त्यांच्यापुढे माझी अहिराणीही कामाची नाही. मग प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. थांबणं फार अवघड असतं, दहा सेकंदपण तासासारखे वाटतात, मास्तर लोकांना विचारा.

हजेरीवरूनही मी सुरुवातीला फार कडक होतो. दिवाळीच्या आसपास अर्धा वर्ग गायब, मी ७५ टक्क्यांची धमकी द्यायचो. एकदा एक मुलगी आली, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे, तेव्हापासून वेचणीच्या दिवसांत महत्त्वाचं काही शिकवलं नाही.

२०१० नंतर एपीआय आला, म्हणजे प्राध्यापकाच्या कामाला गुण द्यायची यूजीसीची पद्धत, त्याचे पॉइंट, सेमिनारच्या सर्टिफिकेटांची फाईल. फाईल माझी पण जाडजूड होती, तिच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तो मागच्या बाकावरचा आता स्वतः शेती करतो. यंदा अखाजीला त्याचा फोन, "सर, कापूस लावू का मका?" म्हटलं, गावात काय चाललंय? तर म्हणे सगळे मक्याकडे पळताहेत. म्हटलं, मग तू कापूस लाव ना, कॉबवेब विसरला का?

थोडा वेळ गप्प बसला. मग हसत म्हणाला, "सर, मक्याचं बी कालच आणलंय. उधार."