करंगळीचं नख आणि ८ नंबरचा ब्रश

गेले दोन महिने मी सगळ्यांच्या नखांवर १६ नंबरच्या ब्रशनेच ॲक्रिलिक लावत होते. मोठा ब्रश, मोठा मणी (ब्रशच्या टोकावर जमणारा ॲक्रिलिकचा ओला गोळा), एका मण्यात अख्खं नख, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. पण मोठा ब्रश मोनोमरही, म्हणजे पावडर भिजवायचं द्रवही, भरपूर पितो. वाटीच्या कडेला नीट निथळला नाही तर मणी पातळ होतो आणि थेट कातडीकडे पळतो.

आज नौपाड्यातल्या एका ताईंची नखं अगदी लहान, करंगळीचं तर वाटाण्याएवढं. दोनदा कातडीवर गेलं, दोनदा पुसलं. ताई काही बोलल्या नाहीत, मलाच फार वाईट वाटलं. तसंच राहिलं तर ॲक्रिलिक कडेने उचकटतं, ॲलर्जीही होऊ शकते.

मग शिकताना घेतलेला ८ नंबरचा कोलिन्स्की (प्राण्याच्या केसांचा) ब्रश काढला. टोक बुडवलं, पावडरीत हलकी रेघ ओढली. टोकावर छोटासा, गोल, दवासारखा चकचकीत मणी! कातडीपासून केसभर अंतर सोडून ठेवला, तिथेच राहिला. नखाला तीन-तीन मणी लागले, वेळ गेला, जाऊ दे. लांब नखांना मोठा ब्रश हवाच, तो वापरणारच. (दोन्ही मोनोमरमध्येच धुते, ॲसिटोनने ब्रशचे केस कोरडे पडतात.)

संध्याकाळी ताईंनी स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेतून हाताचा फोटो पाठवला. आधी करंगळी झूम केली. कड स्वच्छ होती.