पोकरमध्ये पानं टाकायला शिकलो, मग हिशेब जमेत आला

आमच्या घरी दिवाळीत तीन पत्ती आणि गणपतीच्या जागरणाला रमी ठरलेली, त्यामुळे पानं हातात धरायला कुणी शिकवावं लागलं नाही. पोकर मात्र लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर भेटलं. पाच-दहा रुपयांच्या ब्लाइंडचं, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमेचं, टेबल. नियम एका संध्याकाळी समजले. कधी पाचशे जिंकायचो, कधी हजार, आणि महिनाअखेरीस बँकेचं स्टेटमेंट पाहिलं की आकडा उणे. एवढं होऊनही आपण बरे खेळतो असं मला वाटत होतं, कारण लक्षात राहायचे ते जिंकलेले मोठे डाव.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. तिथे एक पीस मापात आला म्हणून कुणी अख्खा लॉट पास करत नाही. पोकरमध्ये मी नेमकं तेच करत होतो. एका रात्री जिंकलो की खेळ सुधारला, हरलो की नशीब फिरलं.

शेवटी इंदिरानगरच्या मामेभावाला विचारलं. वयाने लहान, पण आकड्यांत पक्का. त्याने माझ्या जुन्या डावांची नोंद अ‍ॅपवरून काढून एक्सेलमध्ये टाकायला लावली आणि एक डाव उघडला. माझ्याकडे बदामचा राजा आणि सत्ती, खाली सगळ्यांच्या सामाईक पानांपैकी चार उघडलेली, त्यात दोन बदाम, पाचवं यायचं होतं. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, दोनशे रुपये, समोरच्याने शंभर लावले. मी लगेच कॉल केला होता, म्हणजे तेवढेच शंभर लावले होते.

"दादा, कॉल का केलास?"

"फ्लश लागणार होता की, पाच बदाम!"

त्याने कागद ओढला. न दिसलेली पानं 46, त्यात बदाम 9. म्हणजे असे 46 डाव धरले तर 9 वेळा तीनशे मिळणार, 2700. उरलेल्या 37 वेळा शंभर जाणार, 3700. एक हजाराचा खड्डा. दर कॉलला सरासरी बावीस रुपये मी स्वतःहून देत होतो. फ्लश लागल्यावर समोरच्याने आणखी पैसे घातले तर गणित बदलतं, हेही त्याने सांगितलं. पण तीन बदाम दिसल्यावर माझ्या टेबलावरची माणसं सहसा हात आखडता घ्यायची.

मग जागेनुसार हिशेब लावला. बटणावर, म्हणजे सगळ्यांच्या नंतर बोलायचं असतं तिथे, मी थोडा फायद्यात होतो. तोटा साचला होता तो स्मॉल ब्लाइंडला, म्हणजे पाच रुपये सक्तीने लावायच्या जागेवर. पाच रुपये आधीच गेलेत, आणखी पाच टाकून फ्लॉप, म्हणजे पहिली तीन सामाईक पानं, बघू, असं म्हणत मी गुलाम-चौकी, राणी-तिरी असलं काहीही घेऊन आत जात होतो. फ्लॉपनंतर सगळ्यांच्या आधी बोलावं लागायचं ते मलाच. ब्लाइंडला थोडं नुकसान सगळ्यांचंच होतं, पण माझं त्याच्या दुपटीहून जास्त होतं. लहान जोडीचंही तसंच. फ्लॉपवर त्याच आकड्याचं तिसरं पान लागायची शक्यता सुमारे 12 टक्के, आणि मी ते लागणारच अशा थाटात रेजला, म्हणजे वाढवलेल्या रकमेला, कॉल करत सुटायचो. शिवाय प्रत्येक पॉटमधून पाचेक टक्के रेक, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा वाटा, कापला जात होता. दोन सारख्या ताकदीचे खेळाडू खेळतच राहिले तर शेवटी दोघेही हरतात.

यूट्यूबवरचे ब्लफचे, म्हणजे हलक्या पानांवर समोरच्याला घाबरवून पळवायचे, धडे मला काडीचे उपयोगी पडले नाहीत. लहान टेबलावर लोक कॉल करतातच. ब्लफ करायचा कुणाला?

स्मॉल ब्लाइंडला बहुतेक पानं टाकायला, म्हणजे डाव सोडून द्यायला, लागलो. सेकंड शिफ्टहून आल्यावर अ‍ॅप उघडणं बंद केलं. खेळ भयंकर कंटाळवाणा झाला. बायको म्हणाली, "अहो, खेळताय की नुसतं बघताय?" पण काही महिन्यांनी बेरीज शून्याच्या वर आली आणि तिथेच टिकली. फार नाही. ताशी हिशेब काढला तर ओव्हरटाइम परवडला असता. त्यातून एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस, आणि आधीच्या वर्षांचा तोटा त्यातून वजा होत नाही. म्हणजे हरलो ते पूर्ण माझं, जिंकलो त्यात सरकारचा वाटा.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. उरलेली शिल्लक खात्यात काढून घेतली. आता रविवारी मामेभावाकडे चारपाच जण बसतो, फक्त प्लॅस्टिकच्या चिप्स, पैसे अजिबात नाहीत. अडचण एवढीच की फुकटच्या चिप्सवर कुणी पानं टाकतच नाही. मामी सुद्धा दुर्री-सत्तीवर कॉल करतात, आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पानाला, दोन जोड्या लावून माझे एक्के मारतात.