ओसरीतला लेथ: स्टार सोडवला, डेल्टा बांधला

मागच्या नोंदीत लेथ टेंपोतून उतरून ओसरीत बसला होता. आता मोटरीचं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: साडेचार फुटी बेडचा, राजकोटचा जुना लेथ (धातू कातायचं यंत्र) आहे. इथे बडोद्यातच, विश्वामित्री नदीकाठच्या एका बंद शेडमधून घेतला. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या शेडमध्ये पाणी शिरलं होतं आणि या लेथची मोटर खाली, पायाच्या कपाटात बसते, त्यामुळे सगळ्यात आधी तीच बुडाली. विकणाऱ्याने ‘मोटर चालू आहे’ असं सांगितलं होतं. कपाट उघडल्यावर आत बोटभर गाळ निघाला. नेमप्लेट घासून वाचली: २ एचपी, ४१५ व्होल्ट, ३.४ अँपिअर, १४२० आरपीएम, स्टार. म्हणजे तीन फेजची मोटर, आणि तिच्या तिन्ही वायंडिंगची (तारेच्या गुंडाळ्यांची) एकेक टोकं एकत्र बांधलेली.

आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात सिंगल फेज येते, २३० व्होल्ट. तीन फेज घ्यायची तर सगळ्या भाऊबंदांच्या सह्या लागतील, म्हणून आहे त्या लाइनवरच चालवायचं ठरवलं.

८ नोव्हेंबर

मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला. वायंडिंग ते बॉडी ०.२ मेगओहम. किमान १ तरी हवा, त्याखाली करंट द्यायचाच नाही. मोटर खोलली, गाळ ब्रशने काढला, स्टेटर (वायंडिंग असलेला स्थिर भाग) उभा करून पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि आत १०० वॅटचा पिवळा बल्ब लावला. दोन दिवस, दोन रात्री. पाणी लागलेली मोटर वाळवण्याची ही जुनी रीत आजही तितकीच कामाची आहे. घाई करून हीट गन मारू नका, वरचं वॉर्निश करपतं आणि स्लॉटच्या आतली ओल तशीच राहते. तिसऱ्या दिवशी मेगर २० च्या वर गेला. दोन्ही बेअरिंग ६२०५, गंजलेली होती, नवी घातली.

१५ नोव्हेंबर

आधी कॅपॅसिटरवर प्रयत्न केला. २३० व्होल्टला किलोवॅटमागे साधारण ७० मायक्रोफॅरड धरतात, त्या हिशोबाने १०० चा रन कॅपॅसिटर तिसऱ्या वायरला जोडला. चक (काम पकडून फिरणारा जबडा) रिकामा असताना मोटर फिरली. २५ मिलिमीटरच्या एम.एस. (साध्या पोलादाच्या) बारवर अर्धा मिलिमीटर कट दिला, की गुरगुरून थांबली. बेल्ट ढिला असेल म्हणून तो ताणला. पुन्हा तेच. दहा मिनिटांत बॉडीला हात लावणं कठीण झालं.

शेजारचे अण्णा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला होते. ते येऊन बसले, नेमप्लेट वाचली आणि म्हणाले, “अरे, तिला अर्धपोटी ठेवून कामाला जुंपतोयस तू.”

हिशोब सोपा आहे, पण तो आधी कागदावर मांडायला हवा होता. स्टारमध्ये ४१५ व्होल्ट दोन वायंडिंगमध्ये वाटले जातात, पण निम्मे नाही, १.७३ ने भागून प्रत्येकीच्या वाट्याला २४० येतात. म्हणजे वायंडिंग मुळात २४० चीच आहे. त्याच स्टारला बाहेरून २३० दिले, तर प्रत्येकीला १३३ च मिळतात. व्होल्टेज ५५ टक्के झालं की टॉर्क (फिरवण्याचा जोर) त्याच्या वर्गाने पडतो, म्हणजे एक तृतीयांशाहूनही थोडा कमी उरतो. कॅपॅसिटर बदलून, बेल्ट ताणून हे भरून निघणार नव्हतं. शिवाय कॅपॅसिटर एकाच लोडला जुळतो. लोड हलला की एका वायंडिंगमधून जास्त करंट जातो आणि तीच तापते.

उपाय एकच: स्टार सोडून डेल्टा करायचा (तिन्ही वायंडिंग टोकाला टोक जोडून त्रिकोण, म्हणजे प्रत्येकीला पूर्ण २३०), आणि २३० सिंगल फेज घेऊन २३० तीन फेज देणारा ड्राइव्ह लावायचा. इथे नीट ऐका, कारण यात पुष्कळ जण फसतात. साधा ड्राइव्ह व्होल्टेज वाढवत नाही. तो आलेल्या एसीची सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि तिचे तुकडे पाडून तीन फेज बनवतो, बाहेर २३० च मिळतात. ड्राइव्ह लावून मोटर स्टारमध्येच ठेवली, तर कॅपॅसिटरवर झालं तेच रडगाणं पुन्हा.

२२ नोव्हेंबर

माझ्या टर्मिनल बॉक्समध्ये तीनच वायर. सहा असत्या, तर पत्र्याच्या पट्ट्या फिरवून दोन मिनिटांत डेल्टा झाला असता. दोन-तीन एचपीच्या जुन्या मोटरींत पुष्कळदा असंच असतं, स्टार आतच बांधून टाकलेला. रिवायंडिंगवाल्या काकांकडे स्टेटर नेला. त्यांनी टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, “भाई, आनो स्टार तो अंदरज बांधेलो छे.”

पुढचा अर्धा तास मी त्यांच्या हातांकडे बघत बसलो. कॉइलच्या टोकांवर सुतळीसारखी दोरी आवळलेली, त्यावर वॉर्निशचा थर काचेसारखा कडक. त्यांनी सोल्डरिंग आयर्नने एक जागा ऊबवली, बारीक सुरीच्या टोकाने दोरी उसवली आणि बोटाने चाचपत एक जाड पिवळी स्लीव्ह वर काढली. आत तीन तारा एकत्र पिळून डाग दिलेल्या. हाच तो स्टार पॉइंट. पिळा तोडायच्या आधी त्यांनी प्रत्येक तार किती वाकेल ते तपासलं, कारण जुनं इनॅमल मुडपलं की तडकतं.

मी आधी घेतलेली मापं: कुठल्याही दोन वायरींमध्ये ९.४, ९.३, ९.४ ओहम. स्टार तोडल्यावर तीन सुट्या वायंडिंग, प्रत्येकी ४.७ च्या आसपास. आकडे जुळले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

यात एक सोय आहे. स्टारमध्ये तिन्ही वायंडिंगची शेवटची टोकं एकत्र आलेली असतात, म्हणून सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे शोधत बसावं लागत नाही. जुन्या तीन वायर म्हणजे सुरुवात (ए१, बी१, सी१), तोडलेली तीन म्हणजे शेवट. कुठला शेवट कुणाचा, एवढं कंटिन्युइटीने बघायचं आणि लगेच टॅग बांधायचा. मग ए१ ला सी२, बी१ ला ए२, सी१ ला बी२. डेल्टा झाला. काकांनी नव्या लीडवर स्लीव्ह चढवली, दोरी पुन्हा आवळली, वॉर्निश पाजलं. भट्टीतून आल्यावर मेगर ५० च्या वर.

२९ नोव्हेंबर

१.५ किलोवॅटचा ड्राइव्ह, आउटपुट ७ अँपिअर. डेल्टात मोटरीचा फुल लोड करंट ३.४ गुणिले १.७३, म्हणजे ५.९. ड्राइव्हमध्ये मोटर करंट ५.९, व्होल्टेज २३०, ५० हर्ट्झ असं भरलं. मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, आणि बेडला स्वतंत्र अर्थिंग. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. ड्राइव्ह बंद केल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, मी दहा मिनिटं थांबल्याशिवाय झाकण उघडत नाही.

लेथवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स हँडलचा ड्रम स्विच ठेवला, पण मोटरीच्या वायर त्यातून काढल्या. ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मधे स्विच चालू-बंद केला, तर ड्राइव्ह उडू शकतो. आता तो हँडल ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलांना फक्त इशारा देतो. हाताला तोच जुना खटका लागतो, याचं मला फार समाधान आहे.

लाइट गेली आणि हँडल फॉरवर्डला राहिला, तर लाइट येताच चक आपोआप फिरता कामा नये. जुन्या स्टार्टरमध्ये हे काम नो-व्होल्ट कॉइल करायची. ड्राइव्हमध्ये तसं सेटिंग शोधून लावलं आणि एमसीबी पाडून तीनदा तपासलं.

३० नोव्हेंबर

थांबण्याचा वेळ २ सेकंद ठेवला, तर ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप. जड चक थांबताना मोटरच जनरेटर होते आणि ती वीज ड्राइव्हच्या डीसी बाजूला परत येते. ती जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावायचा विचार होता, तेवढ्यात अण्णांनी चककडे बोट दाखवलं. माझा चक स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) आट्यांवर चढतो. स्पिंडल झटक्यात थांबला, तर चक आपल्या वेगाने फिरत राहून उलगडेल आणि फिरता फिरता अंगावर येईल. रेझिस्टर रद्द. थांबायला ६ सेकंद, सुटायला ४.

घरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) दोनदा पडला. मोटरपर्यंतची केबल लहान केली, शील्डेड घातली, शील्ड अर्थ केली आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्ह डीसीचे तुकडे पाडतो तो वेग) ८ वरून ४ किलोहर्ट्झवर आणली. तेव्हापासून पडलेला नाही. मोटर मात्र आता बारीक शिट्टीसारखा आवाज करते.

६ डिसेंबर

तोच २५ चा बार, दीड मिलिमीटरचा कट, ऑटो फीड. मोटर दबली नाही. निळा पडलेला कीस सलग वेटोळं होऊन ट्रेमध्ये उतरत होता. अर्ध्या तासानंतरही बॉडीवर तळहात टिकत होता. करंट मोजायला टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखं लावायचं मीटर) ट्रू आरएमएस घ्या, ड्राइव्हचा इनपुट करंट टोकदार असतो आणि साधं मीटर तो कमी दाखवतं.

पहिलं खरं काम ओसरीतल्या झोपाळ्याचं. वरच्या कडीतली पितळी बुश एका बाजूने इतकी झिजली होती, की झोपाळा तिरका लटकत होता. नवी केली, आतून १६.०५, पिन १५.९८. आई संध्याकाळी बसली आणि म्हणाली, “आता कुरकुरत नाही रे.”

बाकी राहिलंय ते पंख्याचं. मोटरीचा पंखा तिच्याच शाफ्टवर आहे, त्यामुळे २५ हर्ट्झच्या खाली वारा पुरत नाही आणि लोडवर ती तापते. तूर्त हळू काम असेल तेव्हा बेल्ट लहान पुलीवर घेतो. तसा टॉर्कही पूर्ण मिळतो. मागच्या झाकणावर वेगळा छोटा पंखा बसवायचा आहे, त्याची रिंग याच लेथवर काढेन.