फी भरून सुतारकाम

कपातून धूर निघाला तेव्हा होडी बांधायच्या क्लासात मी माझ्या होडीत गुडघे टेकून सांधे भरत होते. होडी आठ फुटी, सहा मिलिमीटर मरीन प्लायची. फळ्यांच्या कडांना भोकं पाडून त्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि आतून इपॉक्सी गोंदात कालवलेली लाकडाची पूड भरायची. मी वेळ वाचवायला एकदम मोठा कप कालवला. एवढं मिश्रण एका जागी राहिलं की आपल्याच उष्णतेने भडकतं. पसरट ट्रेमध्ये ओतलं असतं तर निवलं असतं.

मी कप भरत होते तेव्हा शिक्षक शेजारीच उभा! सगळं दिसत होतं त्याला. धूर आल्यावर त्याने कप उचलून बाहेर काँक्रीटवर ठेवला आणि म्हणाला, "पुन्हा कालव." बस. दोन दिवस माझा राग गेला नाही. आपल्याकडे मास्तर आधी ओरडला असता, मग कप हिसकावून सांधा स्वतःच भरून दिला असता. त्यात वाईट काय? सांधा तरी नीट झाला असता. (ट्रे मी आता जन्मात विसरणार नाही, पण हे त्याला कोण सांगणार.)

आई फोनवर म्हणाली, "सुतारकाम? तेही फी भरून?" तिचं चुकत नाही. नाशिकला कपाटाचं दार कुरकुरलं तरी सुतारकाकांना निरोप जायचा. रंधा मी पहिल्यांदा धरला तो इथे सिॲटलमध्ये, अडतिसाव्या वर्षी. शेजारच्या होडीवर एक निवृत्त दंतवैद्य मजेत भुसा झाडत असतो. कौतुक वाटतं, पण नाशिकच्या तांबट लेनमध्ये भांड्यावर एकसारखे ठोके घालणाऱ्याला कधी वीकेंडचा क्लास लावावा लागला नाही. त्याच्या मुलाला तेच करायचंय का, हे मी विचारलेलं नाही.

"तुमच्या गावाला समुद्र आहे?" दंतवैद्याने विचारलं. म्हटलं, गोदावरी आहे, आणि आमच्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याने नाव वल्हवून तेरावा आला. तो रोइंग सैन्यात गेल्यावर शिकला, एवढं गाळलं.

रविवारी इथल्या लेक युनियन तळ्यात होडी उतरवली. तरंगली. त्या घाईच्या सांध्यातून मात्र घोटाभर पाणी आत आलं. आईला फोटो पाठवला, तर गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या मारुतीची आठवण देत उत्तर आलं: "दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला लागलं म्हणजे पूर नव्हे. डबा घे नि उपस."