तापलेले बाळ आणि अंगावरचे दूध

बाळाला ताप आला की घरातल्या सगळ्यांचे लक्ष थर्मामीटरकडे लागते, आणि आईच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न घोळत असतो, की आता बाळाला अंगावर पाजावे की नाही. आई झाल्यापासून मी हा प्रश्न इतक्या जणींच्या तोंडून ऐकला आहे की त्याचे उत्तर सगळ्यात आधी देते. पाजावे, आणि नेहमीपेक्षा अधिक वेळा पाजावे. सर्दी, खोकला, जुलाब यांसारख्या नेहमीच्या आजारांत ताप बाळाला असो, आईला असो किंवा दोघांनाही असो, उत्तर तेच राहते. आईच्या अंगात ताप असल्याने दूध ‘गरम’ होत नाही, नासत नाही आणि बाळाला बाधतही नाही. उलट आईला झालेल्या संसर्गाशी लढण्यासाठी तिच्या शरीरात जी प्रतिपिंडे तयार होतात, ती दुधातून बाळापर्यंत पोहोचतात. आईची लक्षणे दिसण्याच्या आधीपासूनच बाळ तिच्या कुशीत असते, त्यामुळे त्या जंतूशी त्याचा संबंध बहुधा आधीच आलेला असतो. अशा वेळी दूध बंद केल्याने संसर्ग टळत नाही, फक्त संरक्षण कमी होते.

तापात शरीराची पाण्याची गरज वाढते. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की चयापचयाचा वेग साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढतो, श्वास जलद होतो, घाम येतो आणि या सगळ्यांतून पाणी निघून जाते. तान्ह्या बाळाचे शरीर लहान असल्याने हा तोटा लवकर जाणवतो. म्हणूनच वडीलधारी माणसे काळजीपोटी ‘थोडे पाणी तरी पाजा’ असे सुचवतात. त्यांची काळजी खरी असते, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तापातही वरचे पाणी लागत नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, आणि सोबत क्षार, साखर व ऊर्जाही असते. पोट पाण्याने भरले की तेवढे दूध कमी प्यायले जाते, आणि आजारपणात नेमके तेच परवडत नाही. सहा महिन्यांनंतर बाळाचे वरचे खाणे सुरू झालेले असले तरी तापात ते बहुतेक वेळा तोंड फिरवते. त्या दिवसांत घास भरवण्याचा आग्रह सोडून दुधावरच भर दिला तर काही बिघडत नाही.

तापलेले बाळ नेहमीसारखे सलग पीत नाही, हे लक्षात ठेवले तर आईची निम्मी घालमेल कमी होते. ते थोडे ओढते, थकते, डोळे मिटते, पुन्हा किरकिरत जागे होते. अशा वेळी घड्याळ बाजूला ठेवून, मागेल तेव्हा आणि मागेल तेवढा वेळ पाजावे. बाळ गुंगून झोपत असेल तर दिवसा दोन ते अडीच तासांनी त्याला हलकेच उठवावे. लंगोट बदलला किंवा तळपायाला हात लावला की बहुतेक बाळे जागी होतात. माझी लेक पाच महिन्यांची असताना तिला सर्दीबरोबर ताप आला होता, आणि छातीशी घेतले की दोन घोट ओढून ती रडत बाजूला व्हायची. भूक होती, पण चोंदलेल्या नाकाने एकाच वेळी श्वास घेणे आणि दूध ओढणे तिला जमत नव्हते. पाजण्याच्या आधी काही मिनिटे दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे थेंब घातल्यावर आणि तिला आडवे न घेता थोडे उभे धरून पाजल्यावर ती शांतपणे पिऊ लागली. कान दुखत असेल किंवा तोंडात फोड आले असतील तरीही बाळ असेच स्तनापासून झटकन दूर होते; म्हणून पिण्यास नकार दिसला की आधी त्याचे कारण शोधावे.

बाळ अजिबात ओढत नसेल, तर दूध हाताने किंवा पंपाने काढून वाटी-चमच्याने थोडे थोडे द्यावे. त्यात दोघांचेही हित आहे. बाळाच्या पोटात काही जाते, आणि आईची छाती दाटून गाठी होणे, पुढे त्यातून स्तनदाह होणे टळते. काढलेले ताजे दूध खोलीच्या तापमानाला साधारण चार तास चांगले राहते, त्यामुळे बाळ झोपले असताना काढून ठेवणेही सोयीचे पडते.

आता आकड्यांकडे येते, कारण एका वयोगटात आकडाच सर्वांत महत्त्वाचा असतो. बाळ तीन महिन्यांहून लहान असेल आणि तापमान ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरले, तर ते हसत-खेळत असले तरी त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. या वयात प्रतिकारशक्ती अपरिपक्व असते, आणि रक्तातील, लघवीतील किंवा मेंदूच्या आवरणातील गंभीर जिवाणूसंसर्गाचे एकमेव लक्षण कित्येकदा ताप हेच असते. डॉक्टर रक्त आणि लघवी तपासतात, कधी पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासतात, प्रसंगी बाळाला दाखल करून घेतात. ऐकायला हे भीतिदायक वाटते, तरी ते आवश्यक असते. आपल्या मनाने तापाचे औषध देऊन ‘सकाळी बघू’ असे या वयात कधीही करू नये. तितकेच महत्त्वाचे म्हणजे नवजात बाळाचे अंग थंडगार पडणे, तापमान ३६ अंशांच्या खाली जाणे, हेही संसर्गाचे चिन्ह असू शकते. बाळाला दाखल केले तर आपण अंगावर पाजतो हे डॉक्टरांना आणि परिचारिकांना आवर्जून सांगावे, त्याच्याजवळ राहू देण्याची विनंती करावी, आणि काही काळ तोंडाने देणे बंद ठेवले असेल तर त्या काळात दूध काढत राहावे.

कपाळाला हात लावून ताप आहे की नाही याचा साधारण अंदाज येतो, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. घरी काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर पुरेसा असतो. काख कोरडी करून, त्याचे टोक कातडीला नीट टेकवून, आवाज होईपर्यंत बाळाचा हात अंगाशी धरावा. काखेतले तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडे कमी भरते, म्हणून अगदी लहान बाळाच्या काखेत ३७.५ भरले तरी सावध व्हावे.

तीन महिन्यांनंतर बाळाची अवस्था हळूहळू आकड्यापेक्षा जास्त बोलू लागते. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ३९ अंश ताप असेल तर डॉक्टरांना दाखवावेच. पण ३९ अंश ताप असूनही औषधानंतर हसणारे, पिणारे मोठे बाळ माझ्या मते ३८ अंश तापात मलूल पडून राहणाऱ्या, नजर न देणाऱ्या बाळाइतके काळजीचे नसते. पाजणारी आई ही अवस्था इतर कोणाहीपेक्षा लवकर ओळखते, कारण ओढण्याचा जोर कमी झाला हे तिला अंगावर कळते. या जाणिवेला ‘आईची उगीच भीती’ म्हणून कोणी उडवून लावू नये असे मला मनापासून वाटते. आदल्या दिवसाच्या निम्मेही दूध बाळ पीत नसेल, तर तेवढे कारण डॉक्टरांकडे जाण्यासाठी पुरेसे आहे.

शू किती वेळा होते हे मोजत जावे. नीट दूध पिणारे बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला करते. सहा ते आठ तास शू झाली नाही, तोंड कोरडे पडले, रडताना डोळ्यांत पाणी आले नाही, डोक्यावरची मऊ टाळू खोल गेली, तर शरीरातले पाणी कमी होत आहे. टाळू फुगलेली आणि ताणलेली दिसणे याहून गंभीर. श्वासाचा वेग बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहून मोजावा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. छाती आत ओढली जाणे, कण्हणे, ओठ निळसर होणे, पारदर्शक पेल्याच्या काठाने दाबूनही न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर उठणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये.

औषधाबद्दल मला सर्वांत जास्त तळमळीने सांगायचे आहे. ताप उतरवण्यापेक्षा बाळाला बरे वाटावे आणि त्याने दूध प्यावे, हा औषधाचा हेतू असतो. शांत झोपलेल्या बाळाला केवळ आकड्यासाठी उठवून औषध द्यावे लागत नाही. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावरून ठरते. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. गोंधळ होतो तो थेंब आणि सिरप यांच्यात. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम. सहा किलोच्या बाळाची ९० मिलिग्रॅमची मात्रा थेंबांच्या बाटलीतून ०.९ मिलिलिटर होते आणि १२० च्या सिरपमधून ३.७५ मिलिलिटर. सिरपचे माप थेंबांच्या बाटलीतून दिले गेले तर एकाच वेळी ३७५ मिलिग्रॅम औषध पोटात जाते, म्हणजे त्या बाळाच्या अख्ख्या दिवसाच्या कमाल मात्रेहूनही जास्त. म्हणून बाटलीवरचे प्रमाण दर वेळी वाचावे, सोबतच्या ड्रॉपरनेच मोजावे, आणि रात्री कोणी किती वाजता औषध दिले हे कागदावर लिहून ठेवावे. आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये, पाणी कमी झालेल्या बाळाला तर नाहीच; ॲस्पिरिन मुलांना अजिबात देऊ नये. औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने बाळाला थोडे बरे वाटू लागते, आणि पोटभर पाजण्यासाठी ती वेळ फार चांगली असते.

ताप चढत असताना हातपाय गार लागतात, त्यामुळे बाळाला गुंडाळून ठेवण्याचा मोह होतो. पण अंगावर एक सुती, सैल कपडा पुरे. थंड पाण्याने अंग पुसल्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात, बाळ कुडकुडते आणि आतली उष्णता बाहेर पडायची थांबते. स्पिरिट किंवा कोलन वॉटर अंगाला लावणे तर धोक्याचेच. कुशीत घेतल्याने ताप वाढेल ही भीती मात्र बाळगू नये.

लसीनंतरचा ताप बहुधा पहिल्या चोवीस तासांत येतो आणि दोन दिवसांत ओसरतो. गोवराच्या लसीचा ताप आठवडाभराने येऊ शकतो. दात येताना हिरड्या दुखतात, पण ३८ अंशांच्या वरचा ताप दातांच्या नावावर खपवू नये. सहा महिने ते पाच वर्षे या वयात काही मुलांना तापात झटका येतो. पाहणाऱ्याचा जीव उडतो, पण बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात. बाळाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, दूधही नाही, आणि वेळ पाहावी. झटका पाच मिनिटांहून लांबला तर तातडीची मदत बोलवावी. पहिलाच झटका असेल तर तो थांबल्यावरही बाळाला लगेच दाखवावे.

या सगळ्यात आईने स्वतः जेवावे, पाणी प्यावे आणि बाळ झोपेल तेव्हा आडवे व्हावे. घरच्यांनी तिच्या हातातली बाकीची कामे काढून घ्यावीत. तिला स्वतःला ताप असेल तर पॅरासिटामॉल घेऊनही ती निर्धास्त पाजू शकते. आजारपणात पान्हा कमी झाल्यासारखा वाटला तरी बाळ पुन्हा जोराने ओढू लागले की काही दिवसांत तो पूर्ववत होतो. ताप गेल्यावर बाळ आठवडाभर सारखे मागत राहते, रात्रीही उठते. घटलेले वजन ते भरून काढत असते, तेव्हा मागेल तितके द्यावे. मात्र एक दिवस पूर्ण ताप नसताना तो पुन्हा चढला, तर नव्या संसर्गाची शक्यता असते आणि बाळाला पुन्हा एकदा तपासून घ्यावे लागते.