ओपन स्पेसमधली बाग: वाफे घराघराला दिले, पाणी-खत-कीड सगळ्यांची ठेवली

नवरात्र झालं, परतीचा पाऊसपण एकदाचा थांबला, वाफ्यात हात घालता येईल इतपत माती वाळली, म्हटलं पावसाळ्यात काय काय झालं ते लिहून काढू, नाहीतर दिवाळीच्या गडबडीत राहूनच जातंय. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, कोल्हापुरात कळंबा रोडकडं आमची कॉलनी, तिथला ओपन स्पेस, आधी नुसतं गाजर गवत आणि बांधकामाचा राडारोडा, काही जणांना तिथं पार्किंग पाहिजे होतं, आता गादीवाफे, दोडक्या-कारल्याचा मांडव आणि कंपोस्टचे खड्डे आहेत.

यंदाचा सगळ्यात मोठा बदल म्हणजे वाफे घराघराला वाटून दिले. आधी सगळी बाग सगळ्यांची असं होतं. ऐकायला लई चांगलं वाटतंय, पण व्हायचं काय, की रोपं लावायच्या दिवशी अख्खी कॉलनी हजर आणि खुरपायला ठरलेलीच माणसं. भेंडी कोवळी असताना कुणी तोडायची हेच ठरलेलं नाही, मग एक तर संकोचानं कुणीच तोडायचं नाही आणि ती जून व्हायची, नाहीतर पहाटे कुणीतरी सगळी घेऊन जायचं आणि मग संध्याकाळी कुजबुज सुरू. उन्हाळ्यात एका मिटिंगला आवाज चढले, दोन काकू एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या, बाग बंद करा इथपर्यंत गोष्ट गेली.

तेव्हा कडेला बसलेले आबा बोलले. आयुष्यभर ऊस केलेला माणूस, आता पोराकडं शहरात राहायला आलेत. म्हणाले, "आमच्या गावात पाणी संस्थेचं, रान ज्याचं त्याचं. संस्थेचा पाटकरी पाळीप्रमाणं पाणी सोडतोय, कुणाची भांडणं न्हाईत. तुमी रान एकत्र केलंय आणि पाणी ज्याला पाहिजे त्यो घेतोय, मग कसं चालंल?" आपल्या जिल्ह्यात नदीवरनं पाणी उचलणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्था गावोगाव आहेत, त्यामुळं हे सगळ्यांना लगेच पटलं. तिथंच ठरलं, वाफा ज्याचा त्याचा, त्यातली भाजी त्या घराची, आणि पाणी, खत, चर, कीड हे सगळं एकत्र. दर आठवड्याला एक घर पाटकरी. बोअरचा कॉक त्यांच्याच हातात.

फरक एकदम दिसला. ज्यांनी कधी खुरपं हातात धरलं नव्हतं ते सकाळी ऑफिसला जायच्या आधी आपल्या वाफ्यातलं गवत काढून जायला लागले. पण पावसानं दाखवून दिलं की वाटणी कुठंपर्यंत चालते आणि कुठं चालत नाही.

पहिलं म्हणजे चर. आमची माती काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात नुसता राडा. म्हणून वाफे फूटभर उंच केलेत, रुंदी साडेतीन फूट, म्हणजे दोन्हीकडनं हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. मधल्या चरांचं पाणी एका मोठ्या चरात आणि तिथनं बाहेर. जुलैच्या झडीत खालच्या अंगाच्या एका वाफ्यावाल्यांनी मोठ्या चरात माती ओढून त्यावर पोकळ्याची पालेभाजी टाकली, जागा मोकळी पडली होती म्हणून. झालं, वरच्या सगळ्या वाफ्यात पाणी तुंबलं, मिरची आणि टोमॅटोची रोपं पिवळी पडून मान टाकायला लागली, मुळं उपटून बघितली तर काळी आणि कुजकी. मूळकुजीवरची ट्रायकोडर्मा बुरशी ओतली, पण पाण्यात उभ्या असलेल्या रोपाला तिचा काय उपयोग. शेवटी तालमीतल्या पोरांनी भर पावसात चर परत फोडला. मिरची निम्मीच वाचली. आता नियम कडक आहे, चराला कुणीही हात लावायचा नाही, मग तो कुणाच्याही वाफ्याला लागून असू दे.

दुसरं, गोगलगायी. मोठ्या शंखाच्या, आफ्रिकन. उसाच्या पाचटाचं आच्छादन उन्हाळ्यात खरंच भारी काम करतं, ओल टिकते, भेगा पडत नाहीत, पण पावसाळ्यात त्याच पाचटाखाली ह्या दिवसभर लपून बसतात आणि रात्री झेंडू, पालक, कोवळा दोडका काय दिसेल ते खातात. एका घरानं आपल्या वाफ्याभोवती चुना टाकला, पावसानं तो दोन दिवसात धुऊन गेला. विषारी गोळ्या मिळतात, पण बागेत पोरं खेळतात आणि कॉलनीची कुत्री फिरतात, त्यामुळं त्याला आमचा ठाम नकार. उपयोगी पडला तो गूळ. लक्ष्मीपुरीतनं पाणी सुटलेला, काळा पडलेला गूळ स्वस्तात आणला, पाण्यात कालवून गोणपाटं त्यात भिजवली आणि संध्याकाळी वाफ्यांच्या मधी अंथरली. सकाळी गोणपाट उचललं की खाली ढीग, हातमोजे घालून गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत. हे सगळ्या वाफ्यांनी एकाच वेळी केलं तरच जमतं, एकानं केलं आणि शेजाऱ्यानं नाही तर रात्रीत परत तेवढ्याच. जूनमध्ये पाचट काढून ठेवायचं आणि पाऊस संपला की परत घालायचं, हे आता पक्कं केलंय.

हुमणीचं, म्हणजे मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीचं पण तसंच. आपल्याकडच्या ऊसवाल्यांना नाव काढलं तरी घाम फुटतो. पहिला वळीव पडला की जमिनीतनं भुंगेरे निघतात, तिन्हीसांजेला कडुलिंब-बाभळीवर पाला खायला बसतात आणि मग जमिनीत अंडी घालतात, अळ्या मुळं खातात. आम्हाला उन्हाळ्यात शेणखत म्हणून मिळालेलं अर्धकच्चं निघालं, त्याच्यातनंच बऱ्याच अळ्या आल्या. वांग्याची झाडं दुपारी सुकलेली दिसली, ओढली तर अलगद हातात आली, खाली मुळंच नाहीत. अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून दिली आणि पुढच्या वळवाला कडुलिंबाखाली दिवा आणि त्याच्या खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं लावायचं ठरलंय. एक सांगून ठेवतो, कंपोस्टच्या खड्ड्यात पांढरी अळी दिसली की लगेच मारू नका. जमिनीवर ठेवून बघा, पाठीवर उताणी होऊन सरकायला लागली तर ती फुलभुंग्याची, ती कुजलेलंच खाते, खताला चांगली असते. हुमणी पायांवर, कुशीवर वळवळत सरकते. शाळेतल्या पोरांना हे दाखवल्यापासून खड्ड्याची राखण तीच करतायत.

पोरांवरनं आठवलं, मांडवाचा सगळा मान त्यांचाच. पावसाच्या झडीत मधमाश्या फिरकत नव्हत्या, दोडक्याला फुलं भरपूर पण बारकी कळी पिवळी पडून गळायची. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, कारल्याचं सकाळी, म्हणून संध्याकाळी पाऊस थांबला की पोरं नर फुलं तोडून मादी फुलांवर फिरवायची. नर फुलाला नुसता देठ, मादीच्या मागं बारका दोडका, एवढं कळलं की बास. त्यानंतर जो दोडका लागला, कॉलनीत कुणी विकत आणला नाही. मांडव सामाईक आहे, त्यामुळं तोडणी पाटकऱ्याकडं आणि वाटप पिशव्या भरून. ह्या भागात पूर आला की पालेभाजीचे हाल काय होतात ते २०१९ आणि २०२१ ला हायवे बंद पडला तेव्हा सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळं पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं चालली की आमच्या आया-मावश्या आधी बागेतल्या पोकळ्या-अळूकडं बघतात. मला ते फार मोलाचं वाटतं.

फुलांचा वादही मिटला, निदान बराचसा. पहाटे फिरायला येणारे लोक पूजेसाठी जास्वंद आणि झेंडू तोडून न्यायचे, आणि आमच्या एका आजींना रोज आपल्या वाफ्यातल्या फुलांचा देठ तेवढा दिसायचा, डोळ्यात पाणी यायचं त्यांच्या. जाळीला कुलूप लावा असं बऱ्याच जणांचं मत होतं. मी विरोध केला, कारण कुलूप लागलं की ती बाग कॉलनीची राहत नाही. त्यापेक्षा जाळीच्या बाहेर रस्त्याकडेला जास्वंद, तगर आणि दुर्वा लावल्या, पाटी लावली, "ही फुलं देवासाठी, कुणीही न्यावीत". आतली फुलं आता क्वचितच जातात. गणपतीत मंडळाचं निर्माल्य पण बागेतच आलं, दोरे, प्लॅस्टिक, थर्माकोल वेचण्यात दोन दुपारी गेल्या, आता खड्ड्यात पाचटाच्या थराआड चांगलं मुरतंय. पाचट नुसतं टाकलं तर कुजायला फार वेळ लावतं, ओलं निर्माल्य आणि शेणकाला मधी मधी पाहिजेच.

आता रब्बी. मेथी, चाकवत, मुळा घराघरात, ज्याला जे पाहिजे ते. सामाईक वाफ्यात हरभरा, शेंडे खुडून भाजी करायची आणि खुडलं की झाड फुटतंही चांगलं. मोठ्या वाफ्यात लसूण टोचायचाय, कारण उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी सगळ्यांनी मिळून बागेच्याच लसणाची करायची असं काकू लोकांनी जाहीर केलंय, आणि त्या दोन काकूपण त्यात आहेत. मिरचीचं मात्र कोडं आहे. वाचलेल्या झाडांवर आता चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसायचा रोग दिसतोय, पानाच्या कडा वर वळलेल्या आहेत म्हणजे फुलकिडे असावेत, निळे चिकट सापळे लावलेत आणि निंबोळी अर्क चालू आहे. ही झाडं ठेवायची की उपटून नवीन रोपांना जागा करायची यावर रविवारी बसायचंय. ज्यांनी गादीवाफ्यावर लवंगी मिरची टिकवलीय त्यांनी काय केलं ते त्याच्या आत सांगा.